हात लावायची भीती

केशरबाईच्या नडग्यांवर न्हालेली पोरं चांदूर बाजारात गल्लोगल्ली आहेत. काही आता मोटारसायकली उडवतात, काहींची लग्नं झाली आणि त्यांची पोरंही तिच्याच नडग्यांवर न्हाली. कुणाकडे बाळंतीण घरी आली की आधी केशरबाईला निरोप जायचा. सकाळी ती यायची, न्हाणीत पाट टाकून पाय लांब करून बसायची, तिळाचं तेल कोमट करून घ्यायची आणि बाळाला पायांवर आडवं घ्यायची. मान, छाती, दंड, मांड्या, सगळं चोळून झालं की बाळाचा उजवा हात डाव्या पायाला आणि डावा हात उजव्या पायाला लावून दाखवायची. मग ऊन पाणी, धुरी, आणि दुपट्यात घट्ट गुंडाळलेलं बाळ आईच्या हवाली. बाळ दुपारपर्यंत झोपायचं. हे काम तिनं तरुणपणी सासूच्या हाताखाली शिकून घेतलं होतं, आणि आता तिचे केस पिकले होते.

तिच्या स्वतःच्या घरात नात आली तेव्हा साहजिकच तिला वाटलं, आता खरं सुख. मुलगा प्रीतम वीज कंपनीत लाइनमन. सून रश्मी लग्नाआधी एका खाजगी शाळेत शिकवायची, बारीक चणीची, गोरीपान, डोळे मोठे. बाळंतपण माहेरी, नांदगाव खंडेश्वरला झालं. तिथून रश्मी आचलला घेऊन आली त्या दिवशी केशरबाईनं दुसऱ्यांच्या घरची सगळी कामं आठवडाभर बंद ठेवली.

ते हिवाळ्याचे दिवस होते. न्हाणीच्या झरोक्यातून कोवळं ऊन येत होतं. केशरबाई रोजच्यासारखी बसली, आचलला पायांवर घेतलं, तेल लावलं. पोर हसत होती. छाती झाली, हात झाले. डाव्या मांडीला तिनं वरून खाली हात ओढला, गुडघा पोटाकडे दुमडला, आणि तिच्या बोटांना काहीतरी कळलं. वाळलेली तुराटी मोडावी तसा बारीकसा आवाज. कानापेक्षा तो बोटांनाच जास्त ऐकू आला. आचलचं हसू तोंडावरच थांबलं, तोंड उघडं राहिलं, आणि मग ती अशी ओरडली की स्वयंपाकघरातून रश्मी ओल्या हातांनी धावत आली.

काय झालं म्हणून तिनं विचारलं. केशरबाई म्हणाली, थंडी लागली असेल, दचकली असेल. तिनं बाळाला कसंबसं पुसलं, दुपट्यात गुंडाळलं, आणि आवाजाचं काही बोलली नाही. इतक्या वर्षांत किती बाळं तिच्या हातांखालून गेली, असला आवाज तिनं कधी ऐकला नव्हता. जे बोटांना कळलं ते मनाला मानवत नव्हतं. असं होऊच शकत नाही, ती स्वतःला सांगत राहिली.

आचल दूध घेईना. डावा पाय ती हलवतच नव्हती. दुपारपर्यंत मांडी फुगली, लालसर झाली, आणि कुणी हात लावला की पोर किंचाळे. प्रीतम कामावरून आला, गाडी केली, आणि सगळे अमरावतीला निघाले. वाटेत प्रत्येक खड्ड्याला आचल रडायची, आणि प्रत्येक वेळी केशरबाई डोळे गच्च मिटून घ्यायची.

अमरावतीच्या एका दवाखान्यात बाळाच्या अख्ख्या अंगाचा एक्स-रे काढला. मांडीचं हाड मोडलेलं होतंच. पण डॉक्टरांनी फिल्म उजेडावर धरून बराच वेळ बघितली आणि छातीकडे बोट नेलं. एका बरगडीवर गाठ दिसत होती. ही जुनी मोड आहे, ते म्हणाले, मोडून आपोआप जुळलेली. मग त्यांनी फिल्म खाली ठेवली आणि सगळ्यांकडे आळीपाळीनं पाहिलं. एवढ्या लहान बाळाचं हाड उगाच मोडत नाही, बाळाला कोण सांभाळतं, कुणी आपटलं का, घरात भांडणं होतात का. ते चिडून बोलत नव्हते, हळू बोलत होते, आणि त्याचीच जास्त भीती वाटत होती. पोलिसांना कळवावं लागतं, तो नियमच आहे, असंही त्यांनी सांगितलं.

हवालदार आला तो माणूस म्हणून वाईट नव्हता. त्यानं बाकावर बसून प्रत्येकाला तेच ते विचारलं. केशरबाईची पाळी आली तेव्हा तिनं सांगितलं की आपण तेल लावत होतो, बाळ एकदम रडलं. ती खोटं बोलली नाही, पण आवाजाचं पुन्हा राहूनच गेलं. हवालदार लिहीत होता तेव्हा तिनं पदराखाली स्वतःचे हात एकमेकांत घट्ट धरून ठेवले होते. समोर उभा प्रीतम तिच्या त्या हातांकडे बघत होता. पोटच्या पोरानं आपल्याकडे असं बघितलेलं तिला आठवत नव्हतं.

बाळाला कमरेपासून प्लास्टर घातलं. पुढच्या तपासासाठी अकोल्याला एका लहान मुलांच्या हाडांच्या डॉक्टरीणबाईंना दाखवा, असं लिहून दिलं.

घरी आल्यावर घराचं घरपण गेलं. रश्मी आचलला घेऊन खोलीत बसे आणि दार लोटून घेई. केशरबाई दारात आली की रश्मी नकळत बाळावर वाकायची. कुणी कुणाला टाकून बोललं नाही. जानराव, केशरबाईचा नवरा, नगरपालिकेतून निवृत्त झालेला शांत माणूस, तो दिवसभर ओसरीत बसून राही. त्यानं एकदाच हलकेच विचारलं, "केशर, हात जोरात तं नाई पडला ना?" ती उठून चुलीपाशी गेली. त्यानं परत विचारलं नाही.

गावात बातमी पसरायला वेळ लागत नाही. ज्या घरी ती जात होती तिथून निरोप आला की सध्या नको, बाळाला सर्दी आहे. दुसऱ्या घरून तर निरोपही आला नाही. पण केशरबाईला त्याचं वाईट वाटण्यापलीकडचं काहीतरी होत होतं. आपल्या हातांनी आजवर अजून कुणाचं काय मोडलं असेल, हा विचार तिच्या डोक्यात शिरला तो निघेना. कुणाचं बाळ न्हाताना जास्त रडलं होतं, कुणाचा पाय जरा वाकडा वाटतो, बाजारात समोरून येणाऱ्या तरण्या पोरांच्या चालीकडे ती निरखून बघू लागली. भाकरी थापताना हात थांबायचे. मांजराच्या पिल्लालाही ती हात लावेनाशी झाली.

अशात तिनं एक केलं. मोडलेल्या हाडाला पायाचा रस्सा चांगला, असं तिनं आयुष्यभर ऐकलं होतं. बाळ दूध पितं म्हणून रश्मीला तरी द्यावा, या विचारानं तिनं बकऱ्याचे पाये आणून दिवसभर मंद आचेवर शिजवले. रश्मीनं एक वाटी घेतली, उरलेलं तसंच राहिलं. सकाळी बघितलं तर रस्सा थिजून पातेल्यात थरथरत होता.

अकोल्याला ते बसनं गेले, मागच्या सीटवर, बाळाला उशीवर ठेवून. डॉक्टर अपेक्षा म्हणून बाई होत्या, चाळिशीच्या. त्यांनी आचलची फिल्म बघितली, आचलला बघितलं, डोळ्यांच्या पापण्या हलकेच वर करून पाहिल्या. मग त्या रश्मीकडे वळल्या आणि म्हणाल्या, जरा खिडकीकडे तोंड करा. उजेडात रश्मीच्या डोळ्यांकडे त्या बराच वेळ बघत राहिल्या. केशरबाईनंही मग बघितलं. सुनेचे डोळे सुंदर, हे सगळेच म्हणत. पण डोळ्यांतलं पांढरं पांढरं नव्हतं, त्यात निळसर झाक होती. आचलच्याही डोळ्यांत तीच.

लहानपणी तुमची हाडं मोडली होती का, डॉक्टरांनी विचारलं.

रश्मी आचलचं दुपटं सारखं करू लागली. प्रीतमनं हसून म्हटलं की नाही, तसं काही नाही. त्याला खरंच माहीत नव्हतं. केशरबाई सुनेच्या शेजारी बसली होती. रश्मीचा गुडघा थरथर कापत असलेला तिला आपल्या गुडघ्याला लागत होता. ही थरथर तिच्या ओळखीची होती. गेले कित्येक दिवस ती स्वतः तशीच कापत होती. आणि तिला वाटलं, आता आपण नाही बोललो तर कुणीच बोलणार नाही.

"डॉक्टरीणबाई," ती म्हणाली, "पाय माह्याच हातानं मोडला. मले मोडल्याचं बोटाले कळलं होतं. मी कोणाले सांगतलं नाई. पोलिसालेबी नाई. भेव वाटलं."

प्रीतम तिच्याकडे वळला. पण ती डॉक्टरांकडेच बघत राहिली. डॉक्टरांनी मान हलवली आणि विचारलं की त्या दिवशी नेहमीपेक्षा वेगळं काही केलं होतं का. नाही, ती म्हणाली, सगळ्याच पोरांना लावते तसंच.

मग रश्मी बोलली. जमिनीकडे बघत, एका दमात. लहानपणी हात मोडला होता, तो जुळला तर दुसरा मोडला, शाळेच्या पायरीवरून नुसती घसरली तर पायाचं हाड गेलं. वडील किसनराव हाडवैद्याकडे नेत, पट्टी बांधून आणत. मोठी झाली तसं कमी झालं. लग्न ठरताना वडिलांनी बजावलं, हे सासरी बोलायचं नाही, पोरगी अधू म्हणतील. "बाळ झालं तवापासून भेव होतं मले," ती म्हणाली. "आचलच्या डोळ्यांत पाह्यलं का छातीत धस्स व्हायचं. आईंवर सगळे संशय घेत होते अन् मी गप्प राह्यली."

बाहेर कुणाचं तरी बाळ रडत होतं.

डॉक्टर अपेक्षांनी मग सावकाश सांगितलं. आपण समजतो हाड म्हणजे नुसता चुना. तसं असतं तर ते खडूसारखं पटकन तुटलं असतं. हाडाच्या आत कोलाजेन नावाच्या प्रथिनाचे बारीक दोर असतात, आणि त्या दोरांवर चुना बसतो. चुन्यानं हाड कडक होतं, दोरांमुळे ते थोडं लवतं, धक्का सोसतं. हेच कोलाजेन कातडीत असतं, स्नायू हाडाला बांधणाऱ्या कंडरांत असतं, दातांत, कानाच्या नाजूक हाडांत, डोळ्याच्या पांढऱ्या पडद्यात असतं. अंगातल्या सगळ्या प्रथिनांमध्ये सर्वांत जास्त तेच. माणूस त्यानंच बांधलेला असतो, म्हटलं तरी चालेल.

प्रत्येक दोर तीन पदरांचा, एकमेकांभोवती पिळलेला असतो, त्या म्हणाल्या. पदर म्हणजे मण्यांची माळच, आणि पीळ घट्ट बसायला प्रत्येक पदरात दर दोन मण्यांनंतर एक अगदी छोटा मणी लागतो. त्या जागी मोठा मणी आला की पीळ बसत नाही. या दोघींच्या अंगात दोर वळायची जी मूळ कृती आहे, तिच्यातच अशी एक चूक असावी. काही दोर चांगले होतात, काही कच्चे. डोळ्याचा पडदा त्यामुळे पातळ राहतो आणि आतला रंग निळसर दिसतो.

केशरबाईनं जानरावला फावल्या वेळात अंबाडीचे दोर वळताना आयुष्यभर बघितलं होतं. एक पदर गाठाळ निघाला की दोर दिसायला चांगला दिसतो, पण बैलानं झटका दिला की तिथंच तुटतो. एवढं तिला कळलं. पण कळल्यावरही तिला हायसं वाटलं नाही. हात चुकला असता तर हात आवरता आला असता. हे तर पोरीच्या सगळ्या अंगात होतं.

"लंगोट बदलतानाही मोडला असता," डॉक्टर तिला म्हणाल्या. "बरगडी कधी मोडली ते तर कुणालाच कळलं नाही. तुम्ही मारलं नाही, आजी. तुम्हाला माहीत नव्हतं."

प्रीतमनं गावातल्या मेडिकलमधून कोलाजेनच्या भुकटीचा डबा आणला होता, मोबाइलवर जाहिरात बघून. तो त्यानं पिशवीतून काढला. केशरबाईनंही भीत भीत पायाच्या रश्श्याचं विचारलं. डॉक्टरांनी दोघांना एकच उत्तर दिलं. पाया थिजतो तो त्यातल्या कोलाजेनमुळेच. खायला वाईट नाही. पण पोटात गेलं की त्याचे तुकडे तुकडे होतात, आणि शरीर त्या तुकड्यांतून आपल्या कृतीप्रमाणेच नवा दोर वळतं. कृतीच चुकलेली, तर दोर पुन्हा तसाच. जळालेल्या जखमेवर कोलाजेनची पातळ पट्टी लावतात, कातडी भरायला तिचा उपयोग होतो. हाडात मात्र ते असं बाहेरून भरता येत नाही. हाडाची झीज कमी करणारं एक औषध सलाईनमधून देतात, काही महिन्यांनी एकदा, त्यानं हाड जरा भरीव होतं. सोबत व्हिटॅमिन डी, व्यायाम, आणि उचलण्या-धरण्याची रीत शिकणं. बरं होणारं दुखणं हे नाही, पण यासह जगता येतं. रश्मी जगतेच आहे.

पोलिसांसाठी त्यांनी सगळं लिहून दिलं. रक्त तपासायला बाहेरगावी पाठवलं. पुढं अहवाल आला तो त्यांच्या अंदाजाप्रमाणेच आला, आणि पोलिसांनी चौकशी बंद केली.

परतीच्या बसमध्ये प्रीतम पुढं बसला, एकटा. रश्मी खिडकीशी, मांडीवरच्या उशीवर आचल. मूर्तिजापूर मागं पडलं तरी रश्मी बाहेरच बघत होती. शेवटी तिनं विचारलं, "आता मले माहेरी पाठवसान का?"

केशरबाईला आधी प्रश्नच कळला नाही. कळल्यावर तिला राग आला, आणि राग आल्याचं तिला बरं वाटलं. इतक्या दिवसांत भीतीशिवाय दुसरं काही आलंच नव्हतं.

"मी आवाज लपवला, तू हाडं लपवली," ती म्हणाली. "कोण कोणाले धाडन?"

घरी पोचल्यावर प्रीतम आईच्या समोर येऊन उभा राहिला. काही बोलायचं होतं त्याला. पण त्यानं नुसतं तिच्या हातातून पाण्याचा तांब्या घेतला आणि पाणी प्यायला.

पुढच्या खेपेला अकोल्यात उचलायची रीत शिकवली. बगलेत धरून उचलायचं नाही. पाय धरून वर करायचे नाहीत. हात ओढून बाहीत घालायचे नाहीत. एक तळवा बोटं फाकवून ढुंगणाखाली, दुसरा मान आणि खांद्याखाली, आणि पोरीला अख्खी, एका तुकड्यात वर घ्यायची. रश्मी शिकली, प्रीतम शिकला, जानरावसुद्धा शिकला. आजी, आता तुम्ही, डॉक्टर म्हणाल्या. केशरबाई दोन्ही हात पाठीमागे घेऊन भिंतीला जाऊन टेकली. त्यांनी फार आग्रह केला नाही.

प्लास्टर निघालं, पहिलं सलाईन झालं, उन्हाळा आला. आचल कुशीवर वळायला शिकली. केशरबाई घरातलं सगळं करायची, बाळाचे कपडे धुवायची, पण बाळाला हात लावायची नाही. आचल तिच्याकडे हात पसरायची तेव्हा ती दूर सरून टाळ्या वाजवायची, गाणं म्हणायची, आणि तिथून उठून जायची.

एका सकाळी प्रीतम लाइनवर आणि जानराव बाजारात गेलेला. रश्मी न्हाणीत गेली, ओल्या फरशीवर पाय सरकला, तोल सावरायला तिनं भिंतीला हात टेकला आणि मनगट गेलं. तिची किंकाळी ऐकून केशरबाई धावली. रश्मी खाली बसलेली, मनगट वेडंवाकडं, चेहरा पांढरा. पण ती स्वतःचं काही सांगत नव्हती. "आचल," ती म्हणाली, "पलंगावर हाय. उशा नाई लावल्या."

केशरबाई खोलीच्या दारात पोचली तेव्हा आचल पलंगाच्या कडेला होती. आईची किंकाळी ऐकून ती वळली होती, आणि पुन्हा वळायच्या बेतात होती. एक खांदा कडेबाहेर. खाली फरशी.

केशरबाईचे पाय उंबऱ्यावर खिळले. पकडावं तर हातात काहीतरी मोडणार, सोडावं तर फरशीवर. तिला तो आवाज पुन्हा बोटांत ऐकू आला, आधीच. आजीला बघून आचल हसली आणि तिच्याकडे यायला झेपावली.

मग कसं झालं ते केशरबाईला नीट सांगता येत नाही. ती पलंगापाशी गुडघ्यावर होती. एक तळवा ढुंगणाखाली, बोटं फाकवलेली. दुसरा मानेखाली. तिनं पोरीला घट्ट धरलं नाही, छातीशी आवळलं नाही, नुसतं खालून तोलून धरलं आणि तशीच फरशीवर बसली. मग कान देऊन ऐकत राहिली. आचलच्या अंगातून काहीही ऐकू आलं नाही, तिच्या श्वासाशिवाय. तिनं आजीच्या पदराचं टोक तोंडात घातलं.

न्हाणीतून रश्मी विचारत होती, धरली का, धरली का. केशरबाई हो म्हणाली तेव्हा ती रडत होती.

त्याला आता काही वर्षं झाली. रश्मीचं मनगट जुळलं. आचलचा त्यानंतर एकदा हात मोडला, एकदा पायाची नडगी, दोन्ही वेळा घरात कुणी कुणाकडे संशयानं बघितलं नाही. सलाईनला दर काही महिन्यांनी अकोला चालूच आहे. ती उशिरा चालायला लागली, बुटात आधाराच्या पट्ट्या घालून, बदकासारखी डुलत. दुसरं मूल नको, असं प्रीतम आणि रश्मीनं ठरवलं. होणाऱ्या प्रत्येक बाळाला निम्मा धोका, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं, आणि तेवढ्या भीतीत परत शिरायची दोघांची तयारी नव्हती.

काही घरून केशरबाईला पुन्हा बोलावणी आली. ती जाते. पण आता हात-पाय ओढून लावत नाही, तेल नुसतं पसरवते, आणि जुन्या बायका म्हणतात की केशरचा हात उतरला. ती वाद घालत नाही.

यंदा आचल अंगणवाडीत जाऊ लागली. केशरबाई तिला सोडायला जाते आणि सुटेपर्यंत समोरच्या निंबाखाली बसून राहते. आत पोरं धावतात, ढकलाढकली होते, आणि प्रत्येक आरडाओरड्याला तिचा जीव वर-खाली होतो. परवा आचल डुलत डुलत दारापर्यंत आली आणि सगळ्या पोरांसमोर म्हणाली, "आजी, तू घरी जाय ना."

केशरबाई उठली. पहिल्या वळणापर्यंत गेली. तिथून भिंतीआडून डोकावलं की अंगणवाडीचं दार दिसतं, पण दारात उभ्या पोरीला आजी दिसत नाही. तिथं एका घराच्या ओट्याची पायरी होती, त्या पायरीवर ती बसली.